कसम परेडची शपथ: जवानाची निष्ठा नेमकी कोणाशी?

मेघदूत_रामटेक (२६ नोव्हेंबर, रात्री)

आज संविधान दिन. नागपूरच्या संविधान चौकात सकाळपासून माणसं येत होती, उद्देशिकेचं वाचन झालं. आणि दुपारी माझ्या फोनवर नेहमीचा संदेश पुन्हा आला: पाच वर्षं देश सैन्याच्या हाती द्या, सगळे सरळ होतील. पाठवणारे आमच्या नात्यातले, वयाने मोठे, सैन्याबद्दल मनापासून आदर असलेले काका. तरीही मला हा संदेश सैन्याचा अपमान वाटतो. का वाटतो ते लिहिते, म्हणून हा धागा.

माझा भाचा अग्निवीर आहे. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून प्रशिक्षण संपवून तो बाहेर पडला तेव्हा आम्ही कसम परेड, म्हणजे जवानांचा शपथविधी, पाहिली. घरी आल्यावर मी शपथेचा मजकूर नीट वाचला. कायद्याने स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा बाळगीन, हे सगळ्यात आधी येतं. मग संघराज्याच्या सैन्यात प्रामाणिकपणे सेवा करीन. मग जमीन, समुद्र, आकाश, जिथे पाठवाल तिथे जाईन. आणि शेवटी, राष्ट्रपतींचे आणि माझ्या वरच्या अधिकाऱ्यांचे हुकूम जीव धोक्यात घालूनही पाळीन.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शपथेत पंतप्रधान नाहीत, संरक्षणमंत्री नाहीत, पक्ष नाही. सेनापतीचं नावही नाही. जनरलने देश हातात घ्यायचा म्हटला तर त्याने आधी ही शपथ मोडायला हवी, आणि त्याच्या मागे निघालेल्या प्रत्येक जवानानेही. म्हणजे तो संदेश पुढे पाठवणारा माणूस माझ्या भाच्याला शपथभंग करायला सांगतो आहे. सैनिकाकडे शब्द पाळण्याहून मोठी दुसरी काय इज्जत असते?

पण मी भाच्याला शपथेबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, उस्तादांनी (आमच्या प्रशिक्षकांनी) एकच सांगितलंय. हुकूम म्हणजे हुकूम." त्याला मी काही बोलले नाही. त्याच्या वयाच्या मुलाला आधी हेच शिकवायला हवं, कारण गोळी सुटल्यावर चर्चा करायला वेळ नसतो. तरी प्रश्न उरतोच. शपथेचा पहिला भाग आणि शेवटचा भाग समोरासमोर आले तर? इथे माजी सैनिक आहेत, वकील आहेत. कृपया मोकळेपणाने लिहा.

---

निवृत्त_गार्ड

ताई, भाच्याचे अभिनंदन. मी त्याच सेंटरमधून निघालेला माणूस आहे, सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. म्हणून जे सांगून राहिलो ते पलटनीतले सांगून राहिलो, पुस्तकातले नाही.

उस्ताद जे म्हणाले ते बरोबर आहे, पण ते अर्धे आहे. बाकीचे अर्धे त्या पोट्ट्याला युनिटमध्ये गेल्यावर कळते. आर्मी अॅक्टचे कलम ४१ हुकूम न पाळण्याबद्दल आहे. त्यात शिक्षा जबर आहे, तोंडावर हुकूम धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत. पण त्या कलमात नुसता हुकूम म्हटलेला नाही, कायदेशीर हुकूम म्हटला आहे. आमच्या सीओ साहेबांनी, म्हणजे पलटनीच्या कमांडरने, एकदा दरबारात (सगळ्यांच्या सभेत) हे समजावले होते. मला ते अजून याद आहे, कारण कमांडर स्वतःच्याच अधिकाराची हद्द जवानांना दाखवून राहिला होता.

आता ही हद्द रोजच्या नोकरीत कशी दिसते? दंगल झाली, पोलिसांच्या हाताबाहेर गेली, कलेक्टरने आर्मी बोलावली. आम्ही गाडीतून उतरलो की गोळीबार सुरू, असे नसते. मॅजिस्ट्रेट सोबत असतो. जमावाला त्याच्या भाषेत इशारा द्यायचा, बॅनर दाखवायचा. तरी पांगले नाहीत तर कमांडर ठरवणार, किती जणांनी किती राउंड, कुठे. नेम खाली धरायचा. नंतर रिकाम्या पुंगळ्या गोळा करून हिशेब द्यायचा, आणि जखमींना आपणच प्रथमोपचार द्यायचे. चार गोष्टी पाठ करून घेतल्या जातात: गरज, कमीत कमी बळ, निःपक्षपातीपणा, शुद्ध हेतू. समोरचा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न जवानाच्या डोक्यात यायलाच नको.

माझ्या मते संविधानाशी निष्ठा म्हणतात ती हीच. हुकूम नाकारून हिरो होण्याचा प्रसंग बहुतेकांवर आयुष्यात येत नाही. समोरून दगड येऊन राहिले असताना बोट ट्रिगरवरून बाहेर ठेवायचे, हा प्रसंग मात्र येतो. नाम, नमक, निशान आम्ही म्हणतो ना, ते तिथे कमावले जाते नाही तर गमावले जाते.

---

काळा_कोट

सुभेदार साहेबांनी ज्या कार्यपद्धतीचे वर्णन केले, तिला कायद्याचा आधार आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३० होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४९. जमाव पांगवताना सैन्याने शक्य तितके कमी बळ वापरावे, माणसांना आणि मालमत्तेला शक्य तितकी कमी इजा करावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

मेघदूतताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या एका उदाहरणात दिसते. कलम ७६, आता न्याय संहितेचे कलम १४. एक सैनिक वरिष्ठाच्या हुकुमावरून, कायद्याच्या आज्ञेला अनुसरून, जमावावर गोळी झाडतो. त्याने गुन्हा केलेला नाही. बहुतेक लोक यातले 'वरिष्ठाच्या हुकुमावरून' एवढेच वाचतात. पण संरक्षण दोन्ही गोष्टी एकत्र असतील तेव्हाच आहे. हुकूम आहे पण कायद्याची आज्ञा नाही, तर वरिष्ठाकडे बोट दाखवून सैनिक सुटत नाही. हे इंग्रजांनी लिहिले आणि आपण जसेच्या तसे ठेवले.

८ जुलै २०१६ चा मणिपूरमधल्या बनावट चकमकींच्या आरोपांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सैन्यावर प्रेम करणाऱ्यांनी जरूर वाचावा. अशांत घोषित केलेल्या भागात सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा (अफ्स्पा) लागू असला तरी अतिरेकी बळ वापरण्याची मुभा मिळत नाही आणि फौजदारी कारवाईपासून सरसकट अभय नाही, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा अनेकांनी यामुळे जवानाचे हात बांधले जातील अशी ओरड केली. माझे मत उलट आहे. कायद्याच्या चौकटीत लढलेल्या हजारो जवानांची प्रतिष्ठा अशा निकालांनी राखली जाते, कारण चौकट मोडणारे कोण होते ते वेगळे काढता येते.

आणखी एक, कारण याचा विसर पडतो. अनुच्छेद ५३ प्रमाणे सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण त्याच वाक्यात ते कायद्याने नियंत्रित होईल असेही आहे. राष्ट्रपतीसुद्धा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे शपथेतला 'राष्ट्रपतींचा हुकूम' हा एका माणसाचा हुकूम कधीच नसतो.

---

अंबाझरी_बॅकवॉटर

चर्चा छान आहे, पण मला काही गोष्टी पटत नाहीत.

शपथेने काय होतं? पाकिस्तानच्या १९७३ च्या संविधानात सैनिकाची शपथ आहे. संविधानाचं रक्षण करीन आणि कोणत्याही राजकीय कारवायांत भाग घेणार नाही, इतकं स्पष्ट लिहिलंय. आपल्या शपथेपेक्षाही कडक. तरी १९७७ ला जनरल झिया आणि १९९९ ला जनरल मुशर्रफ सत्ता बळकावून आले.

आणि बेकायदेशीर हुकूम पाळू नये हे म्हणायला सोपं आहे. बेकायदेशीर कोण ठरवणार? २५ जून १९७५ ला रामलीला मैदानावर जयप्रकाशजींनी हेच म्हटलं, पोलिसांनी आणि सैन्याने बेकायदेशीर हुकूम पाळू नयेत. त्याच रात्री आणीबाणी आली, आणि सरकारने तिचं समर्थन करताना याच भाषणाकडे बोट दाखवलं. आता ते भाषण संविधाननिष्ठा होती की सैन्याला फितवणं? प्रत्येक जवान स्वतःचा न्यायाधीश झाला तर पलटन कशी चालेल?

---

जुनी_शुक्रवारी

अंबाझरी, पहिल्या मुद्द्याबद्दल. शपथ एकटी पुरत नाही हे मान्य. तिच्याभोवती रचना लागते. आपल्याकडे १९५५ मध्ये कमांडर-इन-चीफ हे पद बंद करून तिन्ही दलांच्या प्रमुखांना 'चीफ ऑफ स्टाफ' केलं. त्याआधीच, दिल्लीत त्या कमांडर-इन-चीफसाठी बांधलेल्या वाड्यात पंतप्रधान राहायला गेले होते, तेच तीन मूर्ती भवन. लोकांना हे किरकोळ वाटतं. पण पहिल्या दशकात कोणी कोणाला सलाम करायचा हे शांतपणे ठरलं, आणि आपल्या अधिकाऱ्यांनी ते मानलं. १९५९ ला जनरल थिमय्या संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटत नाही म्हणून राजीनामा देऊन बसले होते. नेहरूंनी सांगितल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. माझ्या नजरेत त्यात कमीपणा काही नाही. राजीनामा हा सेनापतीचा शेवटचा सभ्य मार्ग आहे, त्यापुढे रणगाडे असतात.

आता इतिहासातलं एक उदाहरण, कारण हुकूम नाकारण्याबद्दल बोलताना ते टाळता येत नाही. २३ एप्रिल १९३०, पेशावर, किस्सा ख्वानी बाजार. समोर खुदाई खिदमतगारांचा, म्हणजे अहिंसक पठाण स्वातंत्र्य चळवळीचा, निःशस्त्र जमाव. रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधल्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळी चालवायला नकार दिला. हिंदू गढवाली शिपाई, मुसलमान पठाण जमाव. इंग्रजांचा सगळा हिशेबच त्या नकारात कोसळला. कोर्ट मार्शल झालं, गढवालींना जन्मठेप झाली, ते १९४१ मध्ये सुटले. त्यांनी राजाच्या नावाने घेतलेली शपथ मोडली, हे कायद्याने खरं आहे. तरी त्यांच्या इज्जतीला बट्टा लागला असं कोणी म्हणेल का?

आणि दुसरी बाजू पाहायला पेशावरला जायची गरज नाही. आपलं चिमूर घ्या. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे उठाव झाला, अधिकारी मारले गेले. नंतर गावात पाठवलेल्या सैनिकांनी आणि पोलिसांनी घरं लुटली, बायकांवर अत्याचार केले. सरकारने चौकशी नाकारली, बातम्या दाबल्या. सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी त्यासाठी ६३ दिवस उपवास केला. चिमूरला गेलेल्या त्या सैनिकांनीही शपथ घेतलेली होती, पण ती राजाशी निष्ठेची. चिमूरच्या बाईचा त्या शपथेशी काही संबंध नव्हता. १९५० नंतर तो आला, कारण जे संविधान जवानाची निष्ठा मागतं तेच त्या बाईला हक्क देतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे.

---

पेंच_ते_म्युनिक

मी सध्या जर्मनीत आहे, म्हणून इथला अनुभव लिहितो. २ ऑगस्ट १९३४ ला जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले आणि त्याच दिवशी जर्मन सैन्याकडून नवी शपथ घेतली गेली. अॅडॉल्फ हिटलर या माणसाशी बिनशर्त आज्ञाधारकतेची, नाव घेऊन. युद्धानंतर कितीतरी अधिकारी म्हणाले की आम्ही शपथेने बांधलेले होतो.

१९५५ मध्ये नवं सैन्य उभं केलं तेव्हा इथल्या लोकांनी ते मुळापासून बदललं. सैनिक म्हणजे गणवेशातला नागरिक, हे त्यांचं सूत्र. कायद्यातच लिहिलं आहे की ज्या हुकुमाने गुन्हा घडेल तो पाळायचा नाही, आणि मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम पाळला नाही तर ती अवज्ञा ठरत नाही. २० जुलै हा हिटलरवर बॉम्ब ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी बर्लिनमध्ये नव्या सैनिकांचा शपथविधी होतो. ज्यांनी शपथ मोडली त्यांच्या साक्षीने!

---

इंदोरा_चौक

सगळ्यांचे मुद्दे वाचले. एक बाजू सुटली आहे आणि ती आमच्या घरातली आहे. माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते.

सैनिकी इज्जत कोणाला मिळायची हेच आधी कोणीतरी ठरवत होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पण १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार्स ही पलटन उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. पुढे याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या २५ नोव्हेंबर १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, आणि याच रेजिमेंटमधून कृष्णा राव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख झाले.

आजोबा सांगायचे की गावात ज्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते ते लंगरमध्ये (सैन्याच्या भोजनघरात) सगळ्यांच्या रांगेत बसून जेवले, आणि त्यांच्या हातची रायफल कोणाला विटाळली नाही. आमच्या घरी संविधानाशी निष्ठा ही शपथेपुरती गोष्ट नव्हती. त्या पुस्तकाने आजोबांना जे दिलं त्याची ती परतफेड होती.

मेघदूतताई, तुमचा भाचा ज्या गार्ड्समध्ये आहे, ती १९४९ मध्ये तेव्हाचे सेनाप्रमुख करिअप्पांनी उभी केलेली पहिली सर्व-जातीय, सर्व-प्रांतीय इन्फंट्री रेजिमेंट. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला संविधान स्वीकारलं गेलं. १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे अल्बर्ट एक्का याच गार्ड्सच्या १४ व्या बटालियनचे, आणि ते छोटानागपूरचे आदिवासी ख्रिश्चन. भाच्याला हे सांगा. उस्ताद सांगतीलच, पण घरातूनही ऐकू द्या.

आणि त्या काकांना २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं भाषण वाचायला द्या. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांनी तिथे बजावलं होतं. भक्ती नेत्याची असो की गणवेशाची, मला फरक दिसत नाही.

---

निवृत्त_गार्ड

इंदोरा भाऊ, तुमच्या आजोबांना माझा सॅल्यूट.

अंबाझरी, तुम्ही विचारले की कोण ठरवणार. पहिली गोष्ट, 'मला पटत नाही' आणि 'कायद्यात बसत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहाटे तीन वाजता गस्तीवर जा म्हटले, मला नाही पटत. जावे लागते. हुकूम कायदेशीरच आहे असे धरून जवान चालतो, आणि ते बरोबर आहे. पण हात बांधलेल्या माणसाला गोळी घाल म्हटले, पकडलेल्या बाईला त्या खोलीत ने म्हटले, तर तिथे वकील बोलवायची गरज नाही. कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराला कळते. शंका वाटली तर सरळ म्हणायचे, साहेब, हुकूम पुन्हा सांगा. दहा लोकांसमोर मोठ्याने पुन्हा सांगायला लावले की चुकीचा हुकूम देणारा अर्ध्या वेळा तिथेच थांबते. नाही थांबला तर वर रिपोर्ट करायचा, तेही कायद्यात आहे.

जयप्रकाशजींबद्दल माह्या मनात आदर आहे. तरी सांगतो, मंचावरून जवानाला कोणीच काही सांगू नये. आज चांगला माणूस सांगेल, उद्या कोणीही उठेल. जवानाला राजकीय सभेला जाता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलता येत नाही, हे नियम याच्यासाठीच आहेत. मतदान तेवढे गुपचूप करायचे.

---

काळा_कोट

इथे माझे थोडे वेगळे मत आहे. जयप्रकाशजींनी जे म्हटले ते कायद्यात आधीच होते. कायदेशीर हुकूमच पाळायचा असतो हे तुम्हीच वर कलम ४१ सांगताना लिहिलेत. कायद्यात असलेली गोष्ट बोलणे म्हणजे फितवणे, हे मला मान्य नाही. कोण बोलले आणि कुठे बोलले, हा तुमचा मुद्दा मात्र मी नाकारत नाही.

---

मेघदूत_रामटेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार काका, 'हुकूम पुन्हा सांगा' हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, हे उस्तादांनीही शिकवलंय, संतरी ड्यूटीसाठी: अंधारात कोणी आलं तर आधी थांबवून विचारायचं, मग पुढचं. मला बरं वाटलं.

इंदोरा, काकांना शपथेचा मजकूर आणि त्या भाषणाबद्दल, दोन्ही पाठवलं. त्यांनी एकच उलट प्रश्न केला आणि त्यावर मी अडले आहे. ते म्हणतात, मग आणीबाणीत सैन्याने काय करायला हवं होतं? लोक तुरुंगात होते, तेव्हा संविधानाशी निष्ठा असलेले जवान गप्प का होते?

---

काळा_कोट

तुमच्या काकांचा प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे: तेव्हा काम सैन्याचे नव्हते, न्यायालयांचे होते. आणि त्यात आपल्या शहराचा वाटा आहे. स्थानबद्धांच्या हेबिअस कॉर्पस (अटक कायदेशीर आहे का ते तपासण्याच्या) याचिका आणीबाणीतही ऐकता येतात, असे ज्या उच्च न्यायालयांनी म्हटले त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढे त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केले गेले. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले. सैन्य तेव्हा बराकीत होते, म्हणूनच ते मतदान होऊ शकले आणि मोजलेही गेले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा तो निकाल चुकीचा ठरवला. काकांना हवे असल्यास दोन्ही निकाल मी काढून देतो, आणि वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच इथे येऊन लिहावे.